शेजारच्या सीटचा ब्रेक

३ फेब्रुवारी

भिंगरे,

पाकीट उघडलंस, यातच मी खूश आहे. माझं अक्षर ओळखून फाडून टाकशील अशी भीती होती, म्हणून पत्ता काकूकडून लिहून घेतला. तिचं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून केलेला प्रवास, पण तुझा राग तिच्यावर नाही ना. तू माझा फोन उचलत नाहीस. नको उचलूस. मीसुद्धा आता फोन घरी ठेवून जातो, ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत नेत नाही. लोक म्हणतात म्हातारा सटकला. सटकला तर सटकला.

तू तिकडे ग्रंथालयात लागलीस, असं तुझ्या मैत्रिणीने काकूला सांगितलं. चांगलं झालं. पुस्तकं काही रस्त्यात आडवी येत नाहीत. हा विनोद करायला नको होता. पण खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस. सात वर्षांची असताना आमच्याकडे राहायला आलीस तेव्हापासूनची खोड आहे तुझी.

जेवतेस ना वेळेवर? त्या गोळ्या अजून चालू आहेत का? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नकोस. पण त्यांनी सांगितलं असेल तर एक दिवसही जास्त घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. नवा कायदा येतोय. गाडी चालवताना हातात फोन दिसला की लायसन्स सहा महिने जप्त, दुसऱ्यांदा दिसला तर थेट तुरुंग. लोकांचं म्हणणं ऐकायला समिती नेमली आहे आणि ती तीस मार्चला आपल्या गावात बसणार आहे. हे सगळं लावून कोणी धरलं, माहीत आहे? शिंपीदादांनी. चार वर्षं सह्या गोळा करतायत. दुकानाच्या दारावर त्यांनी बायकोचा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, 'एका फोनपायी गेली.' तिचं नाव तू रोज मनात घेत असशील, मी इथे लिहीत नाही.

तू स्टीअरिंगवर, मी शेजारी, त्या बाई रस्ता ओलांडत होत्या. बाकी काय सांगायचं तुला? तुझा फोन तर त्या दिवशी घरीच चार्जिंगला होता. पण कोपऱ्यावरच्या फळवाल्याने गाडीत फोनचा उजेड पाहिला म्हणून सांगितलं, पेपरवाल्यांनी 'फोनच्या नादात तरुणीने' असं छापलं, आणि लोकांना तेवढं पुरलं. कोर्टात ते सिद्ध झालं नाही, हे कोणी छापलं नाही. तुला शिक्षा झाली ती निष्काळजीपणाची, लोकांच्या डोक्यात मात्र फोनच बसला.

मलाही समितीपुढे बोलायला बोलावलंय. समितीच्या कारकुनाला समजावून सांगावं लागलं, की क्लासच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. तो म्हणाला, "मग मास्तर, गाडी चालवतं कोण?" मी म्हटलं, "ते दर चौकात नव्याने ठरतं, साहेब." हसला बिचारा.

मी ब्रेक दाबला होता, पण अंतरच उरलं नव्हतं, असं मी तेव्हा लिहून दिलंय. तिथेही तेच सांगेन. तुला आधी कळवावं असं वाटलं, इतकंच.

तुझा काका

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

कायद्याचा मसुदा मिळाला, चष्मा लावून दोनदा वाचला. सगळीकडे 'वाहन चालवणारी व्यक्ती'. तिने फोन धरायचा नाही, बघायचा नाही, कानाला लावायचा नाही. शेजारच्या सीटवर ब्रेक घेऊन बसलेल्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे शिकणाऱ्याने फोनला हात लावला तर तुरुंग, आणि शिकवणारा फोनमध्ये तोंड खुपसून बसला तरी कायद्याला काही देणंघेणं नाही! मी काकूला म्हटलं, केवढं भगदाड आहे बघ हे. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मग सांगा की तिथे जाऊन. तुमच्याइतकं कोणाला कळतं त्यातलं?" मी आपलं सहज बोललो होतो. पण नंतर किती वेळ मी तो मसुदा हातात धरून उभाच होतो.

आमच्या क्लासवाल्यांच्या संघटनेचा कायद्याला विरोध आहे. म्हणतात, लोक फोन मांडीवर ठेवून बघतील, मग मान आणखी खाली जाईल. मी म्हटलं, कायद्याने माणूस शहाणा होत नाही हे कबूल, पण घाबरतो तरी. घाबरलेला माणूस समोर बघतो. माझ्याशी त्या विषयावर वाद घालायला लोक कचरतात. माझ्या घरातलं माणूस त्यात पोळलंय ना, म्हणून मान देतात. असला मान शत्रूलाही नको.

माझ्या उजव्या पायाचं काहीतरी बिघडलंय. तो आपला आपण दाबतो. जेवताना टेबलाखाली दाबतो, काकू म्हणते, "अहो, कोणाला तुडवताय?" परवा न्हाव्याच्या खुर्चीत एकदम खाली गेला आणि वस्तरा कानाला लागला. न्हावी माझ्यापेक्षा जास्त घाबरला. बँकेच्या रांगेत उभा होतो तर गुडघ्यातून असा ताठ झाला, की पुढचा माणूस वळून बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, एकतीस वर्षांची सवय आहे, दुसरं काय! मी मान डोलावली. पण सवय असती तर आधीपासून असती. हे चार वर्षांपासूनच आहे.

आणि गाडीत मी आता बोलत नाही. मी! ज्याच्या टकळीला कंटाळून तू कानात कापूस घालायचीस, तो. पोरं मला मागून मौनीबुवा म्हणतात, कळतं मला. चौकात आलं की प्रत्येक जण विचारतो, "सर, जाऊ का?" मी तोंडाने उत्तर देत नाही. दोन्हीकडे बघतो, पुन्हा बघतो, आणि हाताने खूण करतो. कधीकधी विचारणारा बाप्या असतो चांगला पन्नाशीचा, मिशीवाला, आणि आवाज तुझा येतो. मग मला गाडी बाजूला घ्यायला लावावी लागते. मी त्याला सांगतो, इंजिन तापलंय.

त्या दिवशी माझा फोन गाडीत होता. सगळ्यांचाच असतो. त्यात काही विशेष नाही.

काका

११ मार्च

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. काकूने दारातून उचललं. कार्ड उघडंच असतं, तिने वाचलं. 'काका, त्या दिवशी चौकात मी "जाऊ का" असं विचारलं होतं का? फक्त हो किंवा नाही लिहा.' खाली नाव नाही, काही नाही.

काकू म्हणाली, "हे काय आहे?" मी म्हटलं, "तेच गं, तिचा जुना भास." कार्ड तिने फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली. मी पाणी प्यायला गेलो की ते समोर. आता मी बाहेरच्या माठातलं पितो.

आता तुझ्या प्रश्नाचं हो-नाहीत उत्तर कसं देऊ? गाडीत इंजिनाचा आवाज असतो, बाहेरचे हॉर्न असतात. तू तर दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारायचीस. गिअर टाकू का, वळू का, काका हा मागचा का ओरडतोय. त्यातलं कुठलं कधीचं, हे चार वर्षांनी कोण सांगणार? मनातल्या मनात विचारलं असशील. पोलीस चौकीबाहेरच्या बाकावर मी तुला तेच म्हणालो होतो, आठवतं? तू माझी बाही धरून म्हणत होतीस, मी विचारलं होतं, काका, मी विचारलं होतं ना? आणि मी म्हणालो, "बाळा, धक्क्यात माणसाला असे भास होतात." मग डॉक्टरांकडे मीच तुला घेऊन गेलो. त्यांना मीच सांगितलं, की हिला न बोललेलं बोलल्यासारखं वाटतं. निदान झोप तर लागायला लागली ना तुला त्या गोळ्यांनी?

लागत होती ना?

तुझ्या डोळ्यांखाली मात्र तेव्हापासून काळं आलं. आणि तू बोलायचं कमी केलंस. मीठ दे म्हणायच्या आधीसुद्धा जरा थांबायचीस, काहीतरी तपासून बघितल्यासारखी. काकूला वाटायचं, अपघाताचं दुःख आहे. मलाही तसंच वाटायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

सातला शिकायला येणारी बाई आली आहे, दारात हॉर्न वाजवते आहे. थांबतो.

काका

३१ मार्च

भिंगरे,

हो. तू विचारलं होतंस.

स्पष्ट विचारलंस, "काका, जाऊ का?" आणि मी म्हणालो, "हं, चल." तुला भास झाला नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी सारवासारव करायला लागेन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

मी फोनवर होतो. बोलत नव्हतो, लिहीत होतो. तेव्हाच्या एका शिकणाऱ्या बाईचा मेसेज आला होता, 'सर, उद्या सहाऐवजी सातला आले तर चालेल का?' मी उत्तर लिहीत होतो. 'चालेल.' एवढंच. कोणी मरत नव्हतं, कोणी जन्मत नव्हतं. फोन नीट धरता यावा म्हणून मी पायावर पाय टाकून बसलो होतो. उजवा पाय वर होता, भिंगरे. ब्रेकवर नव्हताच. तू विचारलंस तेव्हा मी मान वर केली नाही. समोर काय आहे ते न बघता चल म्हणालो.

तू निघालीस. त्या बाई उभ्या टेम्पोच्या आडून पुढे आल्या. तू घाबरलीस आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलास. नवशिका माणूस घाबरला की हेच करतो, दहातले सात जण हेच करतात, म्हणून तर दुसरा ब्रेक बसवलेला असतो. तो दाबायलाच मला त्या सीटवर बसवतात. तू किंचाळलीस तेव्हा मी वर बघितलं. पाय खाली आणेपर्यंत झालं होतं सगळं. अंतर उरलं नव्हतं हे खोटं आहे. गाडी जागेवर थांबली असती. तेवढं अंतर होतं, मी नंतर पावलांनी मोजलंय. एकदा नाही, कितीदा तरी.

पोलीस यायला तीन-चार मिनिटं लागली. तेवढ्यात मी फोन पायाखालच्या चटईखाली सरकवला. तू रस्त्यावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि मी गाडीत वाकून चटई सारखी करत होतो. मनाशी म्हटलं, पोर लहान आहे, शिकाऊ आहे, कोर्ट हिला सोडून देईल. माझं लायसन्स गेलं तर क्लास बंद, घर उघड्यावर. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं. तुझ्या भल्याचंसुद्धा वाटलं! मेल्याहून मेल्यासारखं होतं आता हे लिहिताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई बरोब्बर सातला दारात हजर. तिला माझा निरोप मिळाला होता ना. पेपर अजून तिने वाचला नव्हता. हसून म्हणाली, "सर, चालेल म्हणालात म्हणून आले."

आता कालचं सांगतो. नगरपालिकेच्या सभागृहात लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, माईक किंचाळणारा. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "तुमच्या पुतणीच्या हातात फोन होता का?" मी म्हटलं, "नव्हता." "मग तो उजेड?" असं म्हणून त्या कागद उलटायला लागल्या, आणि शेजारच्या सदस्याने वेळ झाली म्हणून घड्याळ दाखवलं. मला क्षणभर वाटलं, आता विचारतील. इतकं वाटलं, की मी उभा राहिलो. पण त्यांना वाटलं मी भाषणाला उभा राहिलो. मग मी भाषण केलं. शिकवणाऱ्यालाही हा कायदा लागू करा, असं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या! स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलणारा प्रामाणिक माणूस म्हणून एकाने माझा हात हातात घेतला.

बाहेर पायऱ्यांवर शिंपीदादा उभे होते. माझी वाट बघत होते. वाळलेत फार. म्हणाले, "मास्तर, काजं-बटणं ती करायची. अजून मला तिच्यासारखं काज जमत नाही." मग म्हणाले, "तुमच्या पुतणीला सांगा, मी तिला माफ केलंय. लहान होती. तिने आता सुखाने जगावं."

तुला माफ केलंय म्हणे! आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "सांगतो. तुमचे उपकार आहेत."

घरी येऊन न्हाणीत जाऊन भडाभडा ओकलो. काकू पाठीवरून हात फिरवत होती. तिथेच, तोंड न पुसता, तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मग तिने जाऊन फ्रिजवरचं कार्ड काढलं, माझ्यासमोर ठेवलं, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "आधी तिला लिहा. मग चौकीत जा. मग त्या माणसाच्या दुकानात जा. हे सगळं झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नका."

तुझ्याकडे माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तू वेडी नव्हतीस, तू चुकीचं ऐकलं नव्हतंस, तू विचारल्याशिवाय एक इंचही पुढे गेली नव्हतीस. हे पत्र डॉक्टरांना दाखव.

काका

७ एप्रिल

भिंगरे,

जबाब दिला. जुना फोन मी कपाटात जपून ठेवला होता, का ते मला विचारू नकोस. तोही दिला. मेसेजची वेळ पाच बेचाळीस आहे. हवालदाराने चार वर्षांपूर्वीची वही काढली, तिथेही अपघाताची वेळ पाच बेचाळीसच लिहिली आहे. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे बघितलं. वाटलं, शिव्या घालेल. म्हणाला, "बसा, पाणी घ्या." ते जास्त लागलं मनाला.

मग दुकानात गेलो. शिंपीदादा मशीनवर होते. उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि एकच विचारलं, "तुम्ही समोर बघत असता तर ती वाचली असती?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली. कापड संपलं तरी सुई चालतच होती. मग मी निघालो. संध्याकाळी त्या बाजूने आलो तर दारावरचा फोटो तिथेच होता, खालची ओळ मात्र त्यांनी नवीन लिहिली होती. 'शेजारी बसलेल्याच्या फोनपायी गेली.'

अध्यक्ष बाईंनाही मी सगळं पत्राने कळवलं होतं. त्यांनी फोन करून सांगितलं, शिकवणाराही कायद्यात येणार. त्याला चालकच समजणार. चांगलं झालं. पण आनंद वगैरे काही झाला नाही.

क्लासला कुलूप आहे. पाटी मीच उतरवली. काकू माझ्याशी बोलते आता, कामापुरतं. जेवायला वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते. पाय अजून दाबतो. मला वाटलं होतं सांगून टाकलं की थांबेल. नाही थांबला. न थांबू दे.

खटला पुन्हा उभा राहील, मला तुरुंग होईल असं वकील म्हणतात. तुझी साक्ष लागेल म्हणतात. मी चौकीत सांगितलंय, तिला ओढू नका, ती लेखी देईल. तू येऊ नकोस, बाळा. त्या चौकावरूनच चौकीत जावं लागतं. तुला झेपायचं नाही. मी वकिलांकडून सगळं व्यवस्थित करून घेतो.

काका

१६ एप्रिल

काका,

शेवटची दोन्ही पत्रं मिळाली. एकतीस मार्चचं मी जेवणाच्या सुट्टीत, पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये जमिनीवर बसून वाचलं. मग सुट्टी संपली तरी बसूनच होते. ग्रंथपाल बाई शोधत आल्या. त्यांना वाटलं, मला चक्कर आली.

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. गेली चार वर्षं मी कोणाशी काही बोलले की लगेच विचारायचे, "मी आत्ता बोलले ना?" इथे सगळे त्यावरून माझी थट्टा करायचे. मी पण हसायचे त्यांच्याबरोबर. बसमध्ये तिकीट मागितलं तर कंडक्टरला विचारायचे, तुम्हाला ऐकू आलं का? एका मुलाने मला मागणी घातली होती, चांगला होता. मी त्याला हो म्हणाले आणि दोन दिवस वाट बघत बसले, की हो म्हणाले की नुसतं वाटलं. पुन्हा विचारायला गेले तेव्हा तो घाबरला. त्याचं चुकलं नाही.

पत्र डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग नवी चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या हळूहळू कमी करायच्या आहेत, एकदम सोडायच्या नाहीत.

त्या बाई गेल्या, आणि गाडी माझ्या हातात होती. ते मला कोणी सोडवून देऊ शकत नाही, तुम्हीही नाही. मी शिंपीदादांना भेटणार आहे. त्यांनी मला केलेली माफी मला परत करायची नाही. पण ती कशाबद्दल होती, ते त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही लिहिता, येऊ नकोस, मी सगळं व्यवस्थित करून घेतो. मला काय झेपतं ते तुम्ही ठरवायचं आता बंद करा. लेखी बिखी काही देणार नाही. मी समोर उभी राहून बोलणार आहे, आणि मी बोलले ते सगळ्यांना ऐकू आलंय हे डोळ्यांनी बघणार आहे. रजा मंजूर झाली आहे. चोवीस तारखेला दुपारच्या बसने निघते. स्टँडवर घ्यायला येऊ नका.

काकूला सांगा, माझ्या खोलीत काही सामान भरलं असेल तर हलवून ठेव. तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायलाच येते आहे, पण उतरणार घरीच. मला दुसरं घर कुठे आहे?